चार शार्दूल आणि एक तसबीर

मंगळवार पेठेतल्या आमच्या मंडळाच्या सभागृहात एक लोखंडी कपाट आहे आणि त्या कपाटात एकतीस थोर माणसं राहतात. संत, राजे, सुधारक, दोन मल्ल, एक शास्त्रज्ञ आणि मंडळाचे एक दिवंगत उपाध्यक्ष. कुणाची जयंती कधी, पुण्यतिथी कधी, कुठल्या कार्यक्रमाला कुणाला बाहेर काढून पुसायचं, हे अख्ख्या पेठेत एकट्या पिराजीला ठाऊक. सव्वीस वर्षं सभागृहाची किल्ली त्याच्या करदोट्याला होती. खुर्च्या मांडणं, माइक लावणं, समईत तेल घालणं ही कामं कुणीही करील. पण कार्यक्रमाची सुरुवात प्रतिमापूजनानं होते, आणि तिथं चूक झाली की सगळं मुसळ केरात.

ती चूक पिराजीच्या हातून गेल्या वर्षी एकदा झाली होती. एका फेटेवाल्या थोर पुरुषाच्या जयंतीला त्यानं दुसऱ्याच फेटेवाल्या थोर पुरुषाची तसबीर मांडली. पाहुण्यांनी हार घातला, तिघांची भाषणं झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, पेपरात फोटो छापून आल्यावर. मंडळाचे अध्यक्ष आण्णा तेव्हापासून पिराजीकडे बघताना आधी त्याच्या कमरेची किल्ली बघायचे. "पिराजी, आता परत तसलं काय झालं तर किल्ली माझ्या पुतण्याकडं, यशराजकडं," असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. किल्ली गेली तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती पिराजीला तेव्हापासून लागली.

अशात आण्णांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं.

"पिराजी, रविवारी चार शार्दूल येणार हायत."

"चार काय?"

"शार्दूल! आपल्या पेठेत जन्मलेली चार नामांकित माणसं, आणि चौघांचं नाव एकच. मंडळाच्या वर्धापनदिनाला चौघांचा एकदम सत्कार. असला कार्यक्रम कोल्हापुरात झालाय का कधी?"

झाला नव्हता हे खरं. डोळ्यांचे डॉक्टर शार्दूल हळदकर, वकील शार्दूल सरनाईक, पेठेच्या फुटबॉल संघाचा एकेकाळचा गोलकीपर शार्दूल मुळीक आणि चौकाचौकांत ज्याचे पुतळे उभे आहेत तो शिल्पकार शार्दूल मिस्त्री. चौघंही पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. क्रिकेटमधल्या शार्दूलची आठवण काढून कुणी हसू नये. तो पाळण्यात यायच्या आधीच ही चौघं शाळेत जायला लागली होती.

"आता मला सांग," आण्णा म्हणाले, "त्या काळात हितं पोरांची नावं संभाजी, बाळू, रंगराव. आणि एवढं अवघड नाव एका पेठेत चौघांचं? म्हंजे कुणीतरी थोर शार्दूल हून गेला असणार. त्याच्यावरनं ह्यांची नावं ठेवली. त्याची तसबीर काढ कपाटातनं."

"कपाटात शार्दूल न्हाय, आण्णा."

"मग शोध की! रविवारपतोर मोकळाच हाईस."

पिराजी बुचकळ्यात पडला. कपाटातल्या एकतिसांना तो रोज भेटायचा, पण ह्या बत्तिसाव्याचं नावही कधी कानावर आलं नव्हतं. शिवाय त्याला त्या नावाचा मनातून थोडा हेवा वाटायचा. शार्दूल म्हटलं की माणूस आधीच दोन पायऱ्या वर उभा असतो. पिराजी म्हटलं की लोक म्हणतात, जरा ती खुर्ची सरकव. बावन्न वर्षांचा झाला तरी तो खुर्च्याच सरकवत होता.

सायकल काढून तो आधी वकिलांकडे गेला. वकिलांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि सांगितलं, "भूमिगत क्रांतिकारक होते. शार्दूलराव. आजऱ्याच्या जंगलात इंग्रजांना दोन वर्षं चकवा दिला. वडील नेहमी सांगायचे."

"मग त्यांचा फोटो?"

"अहो, भूमिगत माणसाचा फोटो कसा असेल?"

हे पिराजीला पटलं, पण पटून उपयोग नव्हता. तो गोलकीपरकडे गेला. मुळीक मैदानावर पोरांना पळवत होता. शिट्टी तोंडातनं न काढताच तो म्हणाला, "क्रांतिकारक? कुणी सांगितलं? वाघ हुता त्यो. आमचा आजा एका संस्थानच्या शिकारखान्यात हुता, तिथं पाळलेला वाघ. शार्दूल. म्हणून तर माझ्या हातनं बॉल सुटत न्हाय."

"वाघाची तसबीर लावू?"

"लाव की! हार घालताना पाहुणं जरा लांबनं घालतील."

शिल्पकाराकडे तिसराच शार्दूल निघाला. वडिलांचे कुणी चित्रकलेचे गुरू होते म्हणे, बंगालकडचे. पिराजीला हायसं वाटलं. चित्रकाराचा निदान फोटो तरी असणार. पण मिस्त्रींनी खात्रीसाठी वडिलांना फोन लावला, आणि पलीकडून म्हातारा खेकसला, "कसला गुरू? मी तवा गोव्याला कामावर हुतो. नाव तुझ्या आईनं ठेवलं. तिलाच ठाऊक." आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मिस्त्री फोन हातात धरून बसला आणि पिराजी चहा न घेताच उठला.

एक क्रांतिकारक, एक वाघ, एक बंगाली. पिराजीचं डोकं भणभणायला लागलं. तसबीर एकच लावायची असते, आणि इथं तर तिघांचा एकमेकांशी कसलाच संबंध नाही. राहिले डॉक्टर.

डॉक्टर हळदकर पेशंट तपासत होते, म्हणून पिराजी घरात त्यांच्या आईपाशी बसला. त्यांना सगळे अक्का म्हणत. ऐंशीला टेकलेल्या, पण कान आणि जीभ शाबूत. पिराजीनं त्यांना आतापर्यंतचे तीनही शार्दूल ऐकवले. अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अरे, थोर पुरुष कसला आणि वाघ कसला! आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला एक बाई यायची. मांडीवर आडवं घेऊन तेल चोळताना ती सारखी हाक मारायची, शार्दूल, ए शार्दूल. बाळ त्या हाकेला मान वळवायला लागलं. बाराव्या दिवशी बारशाला नणंदेनं कानात 'श्रीधर' सांगितलं, तर पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई आली, शार्दूल म्हणाली, पोर गप्प. मग सासरे म्हणाले, आता हेच राहू दे. पुढं हा मोठा झाल्यावर आम्हीच सांगायला लागलो, पणजोबांच्या गुरुजींचं नाव म्हणून. न्हाऊ घालणारीनं नाव ठेवलं असं कुणी सांगतं का?"

"आणि बाकीच्या तिघांचं?"

"पेठेत तेव्हा तीच एक होती न्हाऊ घालणारी. हात काय मऊ होता! रंकाळवेशीकडून यायची. काय बरं नाव तिचं... बना. बनाबाई."

पिराजीनं टेबलावरचं पाणी उचललं आणि न पिता तसंच खाली ठेवलं. बनाबाई त्याची आई होती.

आई बाळंतिणींची घरं करायची हे त्याला माहीत होतं. तो दहा-अकरा वर्षांचा असताना तिचं मनगट गेलं आणि ते काम सुटलं. पण ती त्या घरांत काय बोलते, कुणाला कशी हाक मारते, हे त्याला कळायचं काहीच कारण नव्हतं. सायकल हातात धरून तो चालतच घरी आला. सायकलवर बसायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बनाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ब्याऐंशी वर्षांची, पापुद्र्यासारखी हलकी झालेली.

"आई, शार्दूल कोण?"

तिचा हात थांबला. "का रं?"

"तू पेठेतल्या पोरांना त्या नावानं हाका मारायचीस म्हनं. कुणाचं नाव हाय ते? कुणी मोठा माणूस हुता का? मला त्याचा फोटो पायजे."

"कुठला मोठा माणूस! लगीन झाल्यावर जोतिबाला गेलतो, तुझा बा आन मी. येताना पन्हाळ्यावर थांबलो. तिथं तटाजवळ एक ल्हान पोरगं पळत हुतं, आन त्येची आई मागनं हाक मारत हुती, शार्दूल, शार्दूल. चांगल्या घरची बाई हुती. मला लई ग्वाड वाटलं नाव."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

पिराजीला हसावं की रडावं कळेना. चार नामांकित माणसं, आणि त्यांच्या नावाचा थोर पुरुष म्हणजे पन्हाळ्यावर पळणारं, नाक वाहणारं, कुणाचं कोण एक पोर! त्याचा फोटो कुठून आणायचा? आणि मग त्याला दुसरीच गोष्ट टोचली. ती इतकी सरळ होती की इतका वेळ डोक्यात कशी आली नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

"एवढं ग्वाड वाटलं तर माझं का न्हाय ठेवलंस?"

बनाबाईनं लसणाची परडी उचलली. "आमटी करपंल," म्हणाली आणि आत गेली. चुलीवर आमटी नव्हतीच. पिराजीला वाईट वाटलं, आणि रागही आला. लोकांच्या पोरांना असं नाव वाटत फिरली आणि स्वतःच्या पोराला काय दिलं? पिराजी! दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

रविवारी सकाळी त्यानं आण्णांना सगळं सांगितलं. आण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"म्हंजे थोर पुरुष कोण मग?"

"कुणीच न्हाय."

"कुणीच न्हाय म्हंजे? पत्रिकेत छापलंय, प्रतिमापूजन! पूजन कुणाचं करू, टेबलाचं? लोकं म्हणतील ह्या मंडळाला तसबीर सुदिक लावाय येत न्हाय." मग पिराजीच्या कमरेकडे बघत ते म्हणाले, "जा, म्हातारीला घेऊन ये. तिचं तीच सांगू दे लोकांस्नी. आणि कार्यक्रम फसला तर किल्ली तेवढी ठेवून जा."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. व्यासपीठावर चार शार्दूल फेटे बांधून ओळीनं बसले होते, आणि टेबलावर नुसता झेंडूचा हार होता, तसबीर नव्हती. पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून ओरडलं, "पिराजी, ह्या बारीला फोटोच गायब व्हय?" हशा पिकला. पिराजीचे कान तापले. त्यानं आईला हाताला धरून वर नेलं. तिचं मनगट गेलेलं, म्हणून माइक त्यानंच तिच्या तोंडापुढे धरला. आण्णांनी घाईघाईनं सांगून टाकलं की ह्या बनाबाई, ह्यांनी ह्या चौघांना न्हाऊ घातलं आणि नावंही ह्यांनीच दिली. वकिलांनी गोलकीपरकडे पाहिलं, गोलकीपरनं शिल्पकाराकडे. क्रांतिकारक, वाघ आणि बंगाली तिघंही एका क्षणात गेले.

"आजी," आण्णा म्हणाले, "हे नाव कुणाचं ते सांगा."

बनाबाईनं समोरच्या गर्दीकडे पाहिलं. मग माइककडे.

"माझ्या पोराचं हाय."

पिराजीला वाटलं, आई घाबरून काहीतरी चुकीचं बोलली.

"माझी आधीची दोन गेली. तिसऱ्याच्या वक्ताला सासूनं पिराला नवस केला, जगला तर तुझं नाव ठेवीन. मी मनात शार्दूल ठेवलं हुतं. अकरा दिस न्हाऊ घालताना त्येच नावानं हाक मारली. लगीच वळून बघायचा. बाराव्या दिशी पिराजी झाला. सासू म्हनली, परत त्या नावानं हाक मारलीस तर पीर न्हील त्येला. मी भ्यालो. परत न्हाय मारली." माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "पर नाव तोंडात बसल्यालं. मग दुसऱ्याची पोरं मांडीवर घेतली की त्येंस्नी मारायचो हाक. दुसऱ्याच्या पोराला हाक मारल्यावर पीर कशाला आडवा येतोय?"

डॉक्टर हळदकरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मिस्त्री खाली मान घालून बसला होता. पिराजी मात्र माइक धरून तसाच उभा होता, आणि आई बोललेलं त्याच्या डोक्यात एकावर एक नीट बसत नव्हतं. अकरा दिवस. म्हणजे तो अकरा दिवस कोण होता?

आण्णा माइकजवळ सरकून म्हणाले, "आजी, आज चौघंही हितं हायत. मारा बघू एकदा हाक, तवासारखी."

"मारू का?" तिनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. मग आपणच म्हणाली, "मारतो. बावन्न वर्सं जगला. आता काय न्हेतोय पीर."

ती चौघांकडे वळलीच नाही. माइक धरलेल्या हातावरून नजर वर नेत तिनं हाक मारली, तेल चोळताना मारावी तशी, हळू.

"शार्दूल."

व्यासपीठावरचे चौघं अदबीनं उठून उभे राहिले. पण त्यांच्या आधीच कुणाचा तरी "ओ" माइकमधून सभागृहभर आणि बाहेर चौकापर्यंत ऐकू गेला. आण्णा दचकून इकडेतिकडे बघू लागले. तो "ओ" कुणाचा, हे पिराजीला सगळ्यांत शेवटी कळलं.