आडवी मान

व्हिएन्ना बघायला जाऊ या, अशी टूम गिन्कानं काढली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. प्लेव्हेनच्या बाजारात किलोभर टोमॅटो घ्यायचे तरी चार दुकानं पालथी घालणारी ही बाई, आणि एकदम व्हिएन्ना? पण दोन्कानंही री ओढली. नवरा गेल्यापासून तू उंबरठा ओलांडला नाहीस, म्हणाली. जुन्या मैत्रिणी, म्हटलं चला. बसमध्ये चढले, तर माझ्या शेजारच्या जागेवर गिन्काचा विधुर भाऊ मेतोदी, मांडीवर चीज भरलेल्या खुसखुशीत बानित्साचा डबा घेऊन बसलेला.

"अगं, तोही घरी एकटाच होता," गिन्का म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

मेतोदी वाईट माणूस नाही. तेच तर दुखणं. वाईट असता तर एका शब्दात वाटेला लावला असता. पण नऊ वर्षं मी नवऱ्याला अंथरुणात कुशीवर वळवलं, भरवलं, त्याचं अंग पुसलं. तो गेल्यावर पहिल्यांदा रात्रभर सलग झोपले आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटून रडले. आता माझ्या दोन खोल्यांत मी मनाला येईल तेव्हा उठते, मनाला येईल ते खाते. हे सुख मला कुणाच्याही पदरात टाकायचं नव्हतं. आणि मेतोदीचं तर हृदयाचं ऑपरेशन झालेलं, प्रत्येक जेवणानंतर गोळ्या.

पहिल्या सकाळी गाईड मुलीनं बजावलं, "इथे मानेचं आपल्या उलट असतं. आपल्याकडे आडवी मान म्हणजे हो, वरखाली म्हणजे नाही. इथे हो म्हणायचं तर वरखाली, नाही म्हणायचं तर आडवी. घरच्यासारखी मान हलवाल तर फसाल." दोन्का फसलीच. वेटरनं आणखी केक आणू का विचारलं, हिनं नको म्हणून सवयीनं मान वरखाली केली, की दुसरा केक हजर. "आता आणलाच आहे बिचाऱ्यानं," म्हणत बाईंनी तोही संपवला. मी मात्र शहाणी. राजवाड्यापाशी फुलवाला आला, मान आडवी. घोडागाडीवाला आला, मान आडवी. दोघंही निमूट निघून गेले. मला भारी मौज वाटायला लागली.

पण माझ्या माणसांपासून सुटका नव्हती. चर्चमध्ये बाकावर मेतोदी शेजारी, कॉफीच्या टेबलाशी मेतोदी शेजारी, फोटो काढताना दोन्काचं "सरका की जरा जवळ, काय परके आहात का?" राजवाडा कसा होता विचाराल, तर मला बरगडीत टोचणारं गिन्काचं कोपर तेवढं आठवतं.

दुपारी प्राटरच्या बागेतल्या उंच आकाशपाळण्यात बसलो. लाकडी डबा, त्याचं दार बाहेरून बंद. डबा अगदी माथ्यावर पोचला आणि थांबला. गिन्का आणि दोन्काला एकाएकी पलीकडच्या खिडकीतून काहीतरी फारच बघण्यासारखं दिसलं. मेतोदीनं टोपी काढून हातात धरली.

"वेनेता, आपण दोघांनी एकत्र राहायचं का?"

मी मान हलवली. आडवी.

"हो म्हणाली गं," दोन्का ओरडली आणि माझ्या गळ्यातच पडली. तेव्हा कुठे मला कळलं. सकाळपासून घोटलेली व्हिएन्नाची मान मी प्लेव्हेनच्या माणसापुढे हलवली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"अहो, थांबा जरा," मी म्हणत होते, पण ऐकतो कोण? गिन्का डोळे पुसत होती आणि मेतोदीनं मुलीला, रालित्साला, फोन लावलाही होता. डबा जागचा हलेना. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "खरंच, पप्पा? मग मी कॅनडाच्या नोकरीला हो कळवते. मी तर आशाच सोडली होती." पोरगी रडत होती. म्हटलं, आता खाली उतरल्यावरच बोलू.

खाली उतरल्यावर मी मेतोदीला तिकीट खिडकीच्या आडोशाला घेतलं.

"मी नाही म्हणाले होते."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "सकाळपासून बघतोय ना. फुलवाल्याला काय, गाडीवाल्याला काय."

"मग?"

"गिन्का म्हणाली होती, वर गेल्यावर विचार, तिथून ती पळणार कुठे. मग या दोघींनी हो धरूनच टाकलं. मला वाटलं, चाललंय तर चालू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटली?"

"वाटली. पण संध्याकाळ झाली की त्या घरात मला फार भीती वाटते हो."

मी म्हटलं, "रालित्साला फोन लावा." त्यानं लावला आणि माझ्याच हातात दिला. शेवटपर्यंत भित्रा तो भित्राच.

"रालित्सा, मी तुझ्या वडिलांबरोबर राहणार नाही," मी म्हणाले. "गैरसमज झाला."

ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, मावशी. तुम्ही खूप केलंत." आणि हळूच म्हणाली, "मग मी कॅनडाला नकार कळवते. मी गेले तर पप्पांना रात्री एकटं ठेवता येणार नाही."

मी सुटले होते, आणि सुटल्यासारखं काही वाटेना. जा पोरी, मी बघते त्यांच्याकडे, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. ते गिळताना मला खूप जड गेलं. मी फोन मेतोदीपुढे धरला.

"तिला जा म्हणून सांगा," मी म्हणाले. "हे मी सांगून चालायचं नाही. बापानं सांगायचं असतं."

त्यानं फोन घेतला. तिकडून रालित्सा "पप्पा? पप्पा, आहात ना?" करत होती, आणि तो फोन कानाला लावून नुसता उभा होता.