बाळाने चोखलेला हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना सुती हातमोजा आहे, उजव्या हाताचा. माझा अंगठा दोनदा उसवून दोनदा शिवला गेला आहे आणि माझ्या डोक्यात जन्मापासून गोंधळ आहे. मी कुणाला कुणापासून वाचवायचं, हे मला कधी धड कळलंच नाही.

माझा जन्म टेलरताईंच्या मशीनवर झाला. अख्खी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. त्यांच्या तळहातांना सोरायसिस आहे. कातडी लाल होते, खपल्या धरतात, भेगा पडतात. झोपताना मलम लावायचं आणि ते अंथरुणाला लागू नये म्हणून वरून मोजे घालायचे, म्हणून त्यांनी जुन्या मऊ चादरीतून मला आणि माझ्या डाव्या भावाला बेतलं. "माझे दोन पहारेकरी," असं त्या कौतुकाने म्हणायच्या. मी फुगून जायचो.

पुढे त्यांना मूल हवं होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या सोरायसिसवरच्या गोळ्या, पोटातल्या बाळाला अपाय नको म्हणून, बरेच महिने आधीच बंद केल्या. मग दिवस राहिले आणि आक्रीतच घडलं. हात आपोआप निवळले! मलम नको, मोजे नकोत. आमची रवानगी कपाटात, बटणांच्या डब्याखाली झाली. मी काय चुकलो, ते मला उमगेना. "गरज सरो, वैद्य मरो," असं मी भावाला म्हणालो.

बाळ झालं आणि दीड महिन्यात हात पुन्हा उसळले, पहिल्यापेक्षा वाईट. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता.

"अगं, त्या उरलेल्या गोळ्या घे की," नणंद म्हणाली.

"छे! अंगावर पाजतेय ती," सासूबाई ओरडल्या. "आणि त्या हातांनी धरू नकोस गं त्याला. त्यालाही झालं म्हणजे?"

गोळ्या टेलरताईंनी घेतल्या नाहीत. पण त्या दिवसापासून मोज्यांशिवाय बाळाला हातही लावला नाही. मला वाटलं, आपल्याला बढती मिळाली! झोपताना मलमाची राखण, दिवसा बाळाची. आम्हाला धुणं मात्र राहून जायचं. बाळ दूध पिता पिता माझं बोट ओढून तोंडात घालायचं. माझा आनंद गगनात मावेना.

दोन महिन्यांनी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं.

"अहो, झोपताना मलमावर घालता तेच ना हे मोजे?"

"हो."

"मग मलम बाळाच्या पोटात जातंय की!"

टेलरताई पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टरीणबाईंनी बाळाला नीट तपासलं. ते ठणठणीत होतं.

"हे बघा, सोरायसिस स्पर्शाने लागत नाही. बाळाला खुशाल उघड्या हातांनी घ्या. पाजून झालं की मी सांगितलंय तेवढंच मलम लावा, छातीला लावू नका, आणि त्याला घेण्याआधी हात स्वच्छ धुवा. जुन्या गोळ्या नकोत. पाजणंही सोडू नका. एवढ्याने भागलं नाही तर या, दुसरं औषध बघू."

टेलरताईंनी मला तिथेच काढून टेबलावर ठेवलं. हात धुतले आणि बाळाच्या पाठीवरून उघडा तळवा फिरवला. "किती ऊबदार आहे गं बाई," म्हणाल्या आणि रडू लागल्या. बाळ त्यांच्याकडे टकामका बघत राहिलं.

मी ओला टेबलावर पडून होतो. दोन महिने मला वाटत होतं, मी राखण करतोय. मी तर नुसता मायलेकांच्या मध्ये आलो होतो.

मित्रांनो, औषधाबद्दल शंका आली तर डॉक्टरांना विचारा. नणंदेला नको, मोज्याला तर नकोच. आणि घरात कुणाच्या हातावर अशा खपल्या दिसल्या, तर मागे सरकू नका. तो हात धरा. मी मध्ये असलो, तर आधी मला काढा.