इथून कोणी जात नाही

भाई तेंडोलकरांचं पत्र चैत्रात आलं, आणि ते वाचून मी पहिलं काम काय केलं तर होडीवाल्या बाबलीला शिव्या घातल्या. तो समोर नव्हता, तरी घातल्या.

भाई म्हणजे आमचे आमदार. राहायचे वेंगुर्ल्याला, सत्तावन्न साली निवडून आलेले, विरोधी बाकावरचे. त्यांनी आमच्या खाडीबद्दल मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारला होता आणि आलेलं उत्तर स्वतःच्या अक्षरात उतरवून मला पाठवलं होतं. मला अशासाठी, की प्रश्न मूळ माझा. भाईंनी त्यातले दोन-चार शब्द सभ्य केले, एवढंच.

आमची वाडी आरोंद्याच्या अलीकडे, खाडीला लागून. शाळा पलतडीला, म्हणजे पलीकडच्या काठावर. वळसा घालून गेलं तर आठ मैल, होडीने पाव तास. होडी कसली, बाबलीचं जुनं होडकं, त्याला परवाना नाही की धड वल्हं नाही. माझी मुलगी तुळसा त्या शाळेत मास्तरीण. फायनल पास होऊन लोकल बोर्डात लागलेली आमच्या वाडीतली पहिली मुलगी. आदल्या श्रावणात ते होडकं भर खाडीत उलटलं. आत आठ जणं होती, सहा वर आली. तुळसा त्या सहांतली, वल्ह्याला धरून राहिली म्हणून वाचली. भाजीची पाटी घेऊन निघालेली नर्मदा आणि तिची सून, दोघी गेल्या.

त्या दिवशी मी तुळसाला म्हटलं, नोकरी सोड. ती नाही म्हणाली. पुन्हा म्हटलं, जरा आवाज चढवून. ती पुन्हा नाही म्हणाली, आधीसारखंच हळू. तिची आई ती लहान असतानाच गेली, मी मुंबईत, ही मावशीकडे वाढलेली. माझं ऐकायची सवय तिला लागणार कुठून? आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नवव्या दिवशी मीच नमतं घेतलं. म्हटलं, बाय माझे, तू जाणारच असशील तर होडी तरी धड पाहिजे. पुढच्या पावसाळ्याच्या आत सरकारी होडी आली पाहिजे. आणि कागद पुढे ओढला.

प्रश्न कसा लिहायचा हे मला कोणी शिकवायला नको होतं. सव्वीस वर्षं गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवले मी. विधानसभेतली प्रश्नोत्तरं वर्तमानपत्रात यायची, ती माझ्या हाताखालून जायची. ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही ओळ इतक्यांदा लागायची की आम्ही ती मोडतच नसू, दोऱ्याने बांधून बाजूला ठेवलेली असायची. तेव्हा आम्हाला हसू यायचं.

भाईंच्या पत्रात प्रश्न आणि उत्तर असं एकाखाली एक होतं. (अ) गेल्या ऑगस्टमध्ये होडी उलटून दोन स्त्रिया मरण पावल्या, हे खरे आहे काय? उत्तर, होय. (ब) सदर खाडीतून शाळेच्या शिक्षिकेसह पन्नासावर माणसे रोज ये-जा करतात, हे खरे आहे काय? उत्तर, नाही, स्थानिक चौकशीत तेथून कोणी ये-जा करीत नाही असे आढळून आले. (क) असल्यास, सरकार तेथे होडीची सोय केव्हा करणार? प्रश्न उद्भवत नाही.

कोणी जात नाही म्हणे. मग नर्मदा काय खाडीत हवा खायला गेली होती? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ‘स्थानिक चौकशी’ म्हणजे काय, तर इथलाच कोणीतरी जाऊन काहीतरी बरळला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय ते शोधल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं.

पहिला संशय बाबलीवर, कारण सरकारी होडी आली की त्याच्या होडक्याला कोण विचारतो? गेलो त्याच्या खोपटात. जाळं शिवत बसला होता. मी सरळ विचारलं, कोणाला काय सांगितलंस म्हणून. त्याने ग्रामदेवी सातेरीची शपथ घेतली. घेईना का, सातेरी काय साक्षीला येणार होती? मी म्हटलं, तुझ्या होडक्यात दोन बायका बुडाल्या आणि तुला अजून लाज नाही. तो काही बोलला नाही, सुई खाली ठेवून नुसता बघत राहिला. त्याचं ते गप्प बसणं मी कबुलीत धरलं.

मग सत्यवान दुकानदार. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि आमच्या जवळचीच ती हद्द बंद केलेली. तरी सत्यवानाच्या दुकानात गोव्याचा साबण मिळायचा, विचारायची सोय नव्हती इतकंच. सरकारी होडी आली की मागोमाग काठावर सरकारी चौकी येणार, हे त्याला काय कळत नव्हतं? मी आडून आडून विचारलं, पण पठ्ठ्या ताकास तूर लागू देईना. जिरं तोलता तोलता उलट मलाच म्हणाला, गुरुदासानू, तुमच्याकडे कोण इचारूक इल्लो काय? मला त्यात चोराच्या उलट्या बोंबाच दिसल्या. जिरं तिथेच टाकून आलो.

रोज संध्याकाळी जेवताना मी तुळसासमोर हे सगळं ओकायचो. बाबलीने कसा गळा कापला, सत्यवानाचे हात कसे ओले झाले असतील, कोण कोणाच्या ओसरीवर बसून कुजबुजत होतं. ती ऐकून घ्यायची. आणखी भात घालू का, एवढंच विचारायची. मला वाटायचं, पोर खचलीय.

पंधरा दिवसांनी संशय भाईंपर्यंत पोचला. विरोधी आमदार, एक उत्तर येतं आणि हा गप्प बसतो? पुन्हा प्रश्न नाही, आरडाओरड नाही. मंत्र्यांशी आतून साटंलोटं तर नाही? वैशाखात एक दिवस एस. टी. पकडली आणि वेंगुर्ला गाठलं. वाटेत काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, खिळ्यासारखं, एकेक.

एरवी माझी पावलं वाजली की भाई आतूनच चहा सांगायचे. त्या दिवशी त्यांनी मला बसा सुद्धा म्हटलं नाही. कपाटातून दोन कागद काढले आणि टेबलावर सरकवले. चौकशीच्या अहवालाची नक्कल मागवली होती त्यांनी, ती आठ दिवसांपूर्वीच हाती आली होती. वाचा म्हणाले, तुमचं वाचन चांगलं आहे.

अहवालात दोन जबाब होते. पहिला, कुमारी तुळसा गुरुदास रेडकर, शिक्षिका. ‘मी रोज होडीने शाळेत जाते-येते. माझ्याबरोबर मुले व बाजाराला जाणाऱ्या बायका असतात. श्रावणात होडी उलटली त्यात मी होते.’ दुसरा, श्री. गुरुदास रेडकर, मुंबईतून निवृत्त, सुशिक्षित गृहस्थ. ‘इथून कोणी जात नाही. माझ्या घरचे तर कोणीच नाही.’ आणि खाली अधिकाऱ्याचा शेरा. ‘शिक्षिकेच्या वडिलांनीच इन्कार केल्यामुळे तिचा जबाब ग्राह्य धरता येत नाही.’

दुसऱ्या जबाबाखाली माझी सही होती. माझीच, ‘गु’ला लांब शेपूट असलेली.

पौषातला रविवार आठवला. एक माणूस छत्री घेऊन अंगणात आला होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, हातात वही. कचेरीतून आलोय म्हणाला. मी मनात म्हटलं, कस्टमची कचेरी, दुसरी कुठली? आदल्याच आठवड्यात बाबलीच्या भाच्याला चार साबणाच्या वड्यांपायी धरून नेऊन कस्टमवाल्यांनी सडकून काढला होता. माणूस विचारतो काय, तर या खाडीतून रोज कोण कोण जातं. त्या दिवसांत आमच्या काठावर परक्याने हा प्रश्न विचारला तर त्याला एकच उत्तर होतं. लहान पोरसुद्धा तेच देई. मी तेच दिलं. सही करा म्हणाला, केली, कारण नाही म्हटलं असतं तर जास्त संशय आला असता. वर त्याला शहाळं फोडून दिलं. तो गेल्यावर मनातल्या मनात खूश झालो, कसा वाटेला लावला म्हणून.

भाई माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“गुरुदास, मला एवढंच सांगा,” ते म्हणाले, “तुम्हाला कोणी फिरवलं?”

मी सगळं सांगितलं. त्यांना पटलं की नाही देव जाणे. शेवटी म्हणाले, हेच लेखी द्या, पहिला जबाब खोटा होता असं लिहा, पुढच्या अधिवेशनात बघू. म्हणजे हाही पावसाळा होडीविना गेलाच. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही.

घरी पोचलो तेव्हा तुळसा ओसरीवर मुलांच्या पाट्या पुसत बसली होती. चपलाही न काढता मी सांगायला लागलो. कचेरीचा माणूस, खाकी चड्डी, माझी सही, तिचा जबाब, खालचा शेरा. तिने मान वर केली नाही.

“माका ठावक आसा,” ती म्हणाली.

होडीच्या चौकशीचा तो माणूस त्या रविवारच्या आदल्या दिवशी शाळेत आला होता. कोण, कुठला, कशासाठी, सगळं त्याने तिला सांगितलं होतं. रविवारी तो आमच्याकडे आला तेव्हा ती मागीलदारी होती, आणि माझं उत्तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

“मग बोलली कित्याक नाय माका?”

“काय बोलतलंय? माका वाटला, तो कोण ता तुमका ठावक आसा. माका वाटला, तुमका माझी नोकरी मोडूची आसा.” पाटी खाली ठेवून तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “रोज जेवताना तुमी बाबलीक शिव्या घालीत होतास, आणि माका वाटा, बाबा सोंग किती बरा करतत.”

मी पायरीवर बसलो. चार महिने ही पोर माझ्या ताटात भात वाढत होती आणि मला दगलबाज समजत होती. समजणारच. नोकरी सोड म्हणून ओरडलो ते तिने ऐकलं होतं, इथून कोणी जात नाही हेही ऐकलं होतं. मधली माझी भीती तिला कुठे दिसणार? ती मी कधी बोलून दाखवलीच नाही. त्या दिवशी दाखवली. म्हटलं, होडकं उलटल्याची बोंब उठली तेव्हा मी काठावर होतो गो. सहावं डोकं वर आलं ते तुझं. पहिली पाच मोजेपर्यंत माझं काय झालं ते मलाच माहीत. ते सांगताना रडलो मी, लपवत नाही. तीही रडली.

संध्याकाळी कागद लिहिला. मी, गुरुदास रेडकर, पौष महिन्यात सरकारी माणसाला खोटं सांगितलं, माझी मुलगी खरं बोलली होती. तिला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला.

“आता ह्यो कागद खरो कोण मानतलो?” तिने विचारलं. रागाने नाही, मुलांना गणित घालताना विचारतात तसं.

एकदा ‘नाही’ म्हणून सही करणाऱ्याच्या ‘होय’वर सरकारने विश्वास का ठेवावा? कागद तरी पाठवला. दुसऱ्या दिवशी बाबलीच्या खोपटात जाऊन त्याचीही माफी मागितली. त्याने बिडी पुढे केली, तेवढ्यावर मिटलं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी खाडी गढूळ, फुगलेली, वारा तोंडावर. तुळसा पदर खोचून होडक्यात बसली आणि तिच्या मागोमाग मी चढलो. मला पोहता येत नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक. मुंबईहून परत आल्यापासून मी कधी त्या होडक्यात पाय ठेवला नव्हता. बाबली वल्हं धरून बघत राहिला. तुळसा म्हणाली, बाबा, उतरा. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली आणि म्हटलं, चल.

त्या पावसाळ्यात मी एकही दिवस चुकवला नाही.