राईतली वाट

सोनबानं खुंटाच्या बुडाशी हात घातला तो सरळ खांद्यापर्यंत आत गेला.

"अवो, हात काढा आधी!" बनुबाई बांधावरून ओरडली. "जनावर असलं म्हंजे?"

सोनबा पालथा पडून आत चाचपत राहिला. आतली माती कौलासारखी भाजून टणक झाली होती, आणि ऐनाचं जाड मूळ जिथं असायला हवं तिथं मूळ नव्हतंच. नुसती पोकळ नळी. बोटांना राख लागली, पिठासारखी मऊ. हात बाहेर काढला तर काखेपर्यंत काळा.

बनुबाई जवळ आली. तिनं नवऱ्याचा हात बघितला, भोक बघितलं, मग ते भोक कुणीकडं वळलंय ते बघितलं. बांधाच्या खालून ते पलीकडं गेलं होतं. राईत.

"म्हंजे ती आग..."

"गप."

बनुबाई तिथून हलली नाही.

सोनबाची राई म्हणजे काही मोठं रान नव्हे. पोलादपूरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर एवढीशी झाडी. ऐन, किंजळ, कुंभा, बोंडारा, कडेला दोन शिवणी. शिमगा झाला की सगळं रान उघडंबोडकं होतं आणि खाली एवढा पाचोळा साचतो की सरडा पळाला तरी माणूस चालल्यासारखं वाजतं. आजूबाजूच्यांनी आपापली झाडी ठेकेदाराला कधीच तोडायला घालून टाकली. सोनबाच्या बापानं घातली नाही, सोनबानंही नाही. गावात त्याला मान म्हणाल तर तेवढाच. बाकी काही नाही, पण राई राखली बुवा ह्यानं, असं लोक म्हणायचे.

राईच्या मधून एक वाट वर धनगरवाडीला जाते. वाडीतला नाथू रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन त्या वाटेनं उतरायचा, खाली सडकेवर डेअरीचा टेम्पो गाठायचा, आणि परत जाताना ह्या खुंटावर टेकायचा. सोनबा शेतावर असला की तोही येऊन बसायचा. दोघांत एक बिडी. बिडी नाथूची, काडी सोनबाची. पोरवयापासूनचं हे.

"ह्यो खुंट काढतो यंदा," सोनबा माघात म्हणाला होता. "पावर टिलर अडकतो रे ह्याला."

"ऱ्हाऊ दे ना. म्हातारपणी मी बसू कुठं? तुझ्या मांडीवर?"

"माझी मांडी रिकामी नाय."

"मंग खुंट ऱ्हाऊ दे."

पण सोनबाच्या डोक्यात ते बसलं होतं. आमच्याकडं भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर आधी राब भाजतात. शेण पसरायचं, वर ऐनाची तोडलेली कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, त्यावर पाचोळा, मग माती, आणि वारा उठायच्या आत पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं. राब भाजायचा तो बांधापासून हात राखून, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सोनबानं यंदा कवळाची रास मुद्दाम खुंटाला टेकवून रचली. म्हटलं, कोण कुदळ मारत बसणार. राबाबरोबर खुंटही जाईल.

खुंट वरून काळा झाला, जळाला नाही. सोनबानं दोन कळश्या पाणी ओतलं, राख पायानं दाबली आणि घरी गेला.

आठवडाभरानं भर दुपारी राई पेटली. बांधालगतच धूर दिसला आणि बघता बघता पाचोळ्यानं पेट घेतला. कशेडीच्या घाटातल्या ट्रकवाल्यांनाही तो धूर दिसला असेल. सोनबा धावला तेव्हा वरच्या अंगानं नाथू आधीच उतरला होता, हातात करवंदीची हिरवी फांदी, आगीला बडवत. वाडीतली माणसं त्याच्या मागोमाग. गावातले लोक आले ते शेवटी. अर्धी राई वाचली. नाथूच्या भुवया जळाल्या होत्या.

"बघ कसा दिसतोय मी," नाथू हसून म्हणाला होता. "बायकू वळखायची नाय."

सोनबाला हसू आलं नव्हतं. त्यानं एकदाच खुंटाकडं नजर टाकली, आणि लगेच दुसरीकडं बघितलं. त्यानंतर आजपर्यंत तो त्या कोपऱ्याला फिरकलाच नव्हता.

दोन दिवसांनी देवळापुढं गावकी बसली. गावकीचा पुढारी सयाजी. त्यानं विचारलं, "सोन्या, आग कशी लागली?"

सोनबानं मान खाली घातली. सांगायचं काय? राईवाला म्हणून ज्याला लोक ओळखतात त्यानं काय सांगायचं?

"मला काय ठाऊक," तो म्हणाला. आणि मग कुणी विचारलं नसताना बोलून गेला, "पण नाथू सगळ्यांच्या आधी कसा पोचला? आन वाटेनं बिडी वढतच उतरतो तो. मी रोज बघतो."

नाथू खाली पायरीजवळ बसला होता. त्यानं वर बघितलं. रोज कसा बघतो, कुठं बसून बघतो, बिडीला काडी कुणाची, हे त्यानं बोलायला पाहिजे होतं. तो एवढंच म्हणाला, "मी नाय लावली."

"मंग कुणी लावली? गवत फुटावं म्हणून तुमीच लावता," मागून कोणीतरी बोललं.

गावकीनं ठरवलं, नाथूनं देवापुढं नारळ ठेवायचा, गावाची माफी मागायची, आणि राईतली वाट धनगरवाडीला बंद. नाथू म्हणाला, "गाव म्हणतंय तर ठेवतो नारळ. पण मी नाय लावली." नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना फिरले. सोनबाच्याही हातावर एक पडला. त्यानं तो खाल्ला.

मग त्यानंच वाटेच्या दोन्ही तोंडांना करवंदीची काटी ओढून लावली.

तेव्हापासून वाडीची माणसं नाल्यावरून वळसा घालून उतरू लागली. सगळी घसरण, मुरूम. त्या वाटेवर नाथूची बायको धोंडूबाई कॅनसकट पडली. पाय मोडला. चौघांनी डोलीत घालून तिला सोनबाच्या घरासमोरून सडकेला नेलं, तेव्हा सोनबा ओटीवर पाणी पीत होता. तांब्या तोंडाला तसाच धरून राहिला, पाणी संपलं तरी.

आणि आज खुंट उपटायला म्हणून कुदळ घेऊन आला, तर हे.

"सांगा जाऊन," बनुबाई म्हणाली.

"काय सांगू?"

"हात दाखवा. दुसरं काय सांगायचंय?"

"आगो, आख्ख्या गावात..."

"गावाचं मागनं. आधी तिच्याकडं जावा. पाय मोडून पडलीय ती."

सकाळी सोनबा निघाला. काटी त्यानंच लावलेली, म्हणून त्याला राईतून जाववेना. नाल्यावरून गेला. दोनदा पाय सरकला, एकदा हात टेकला. धनगरवाडीत पोचला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

धोंडूबाई पडवीत खाटेवर होती, पाय प्लास्टरात, उशीवर ठेवलेला.

"या, राईवाले!" ती म्हणाली. "लय घाम आलाय. लांबच्या वाटंनं आलाव वाटतं?"

सोनबा खांबाला टेकून उभा राहिला.

"बसा की. काटी नाय लावलेली आमच्या पडवीला."

नाथू गोठ्यातून आला. हातातली दुधाची चरवी त्यानं खाली ठेवली. "धोंडे, गप. चहा टाकतो मी." चुलीपुढं तोच बसला. पाणी कमी, दूध जास्त, तसला म्हशीच्या दुधाचा दाट चहा त्यानं सोनबापुढं ठेवला. सोनबानं कप हातातच धरला.

"भुवया आल्या रे तुझ्या," सोनबा म्हणाला. म्हणायचं होतं भलतंच.

"येत्यात की. केसच ते."

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. शेवटी सोनबानं कप खाली ठेवला.

"नाथू, आग माझ्या राबाची व्हती."

नाथूनं मान वर केली.

"त्यो खुंट जाळायला म्हणून कवळ टेकवलं मी. वरनं इझला. आत मुळी धुमसत ऱ्हायली. मातीखालनं बांध पार केला तिनं, आन पलीकडं पाचोळ्यात निघाली. काल हात घालून बघितला." त्यानं हात पुढं केला. घासून धुतला होता, तरी नखांत काळं होतं.

"काल बघितला," नाथू म्हणाला. "पण ठाऊक कधी झालं तुला?"

सोनबानं पुढं केलेला हात मागं घेतला. तेच उत्तर झालं.

खाटेवरून धोंडूबाई म्हणाली, "मंग ह्यांचा नारळ कुठनं परत अख्खा करायचा? आं? आन माझा पाय?" तिचा आवाज टोमणा मारता मारताच फुटला. तिनं पदर तोंडावर ओढला.

"काटी आजच काढतो मी," सोनबा म्हणाला. "आन गावकीत सांगतो. समद्यांपुढं."

"तुझी मर्जी," नाथू म्हणाला आणि चरवी उचलली. "टेम्पोची येळ झाली. मी निघतो."

गावकी लगेच बसेना. सयाजीनं सोनबाला देवळामागं बाजूला घेतलं. "झालं ते झालं रे. काटी काढलीस ना? मंग झालं. आता समद्यांसमोर बोलून गावाला कशाला खोटं पाडतोस?"

"गाव नाय, मी खोटा पडतो."

"तुझा पोरगा हर्षद महाडला कंपनीत हाय, उद्या त्याचं लग्न जमवायचंय. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील."

"काय सुधारला नाय तू, सोन्या," सयाजी म्हणाला, पण गावकी बसवली.

सोनबा उभा राहिला. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरला. खुंट, कवळ, मुळी, एवढंच कसंबसं सांगितलं आणि म्हणाला, "नाथूचा नारळ मी खाल्ला." मग पिशवीतला नारळ काढून देवापुढं ठेवला. पुढं बसलेल्यांनी जमिनीकडं बघितलं. खोबरं त्या दिवशी सगळ्यांनीच खाल्लं होतं.

नाथूला निरोप गेला होता. तो आला, पण देवळापुढच्या पारावर चढला नाही. खालीच उभा राहिला. नारळ फुटला, तुकडे फिरले. नाथूनं आपला तुकडा घेतला, कपाळाला लावला, टॉवेलाच्या टोकाला बांधला.

"खा की रे," सोनबा म्हणाला.

"घरी देतो," नाथू म्हणाला. "ती बसून हाय."

वाट मोकळी झाली. काटी सोनबानं त्याच दिवशी स्वतः ओढून काढली होती, हातातले काटे बनुबाईनं सुईनं काढले होते. त्यानं वाटेवरची राख झाडली, जळकी लाकडं बाजूला केली. खुंट मात्र उपटला नाही. टिलर अडकतो तर अडकू दे म्हणाला.

पण नाथू त्या वाटेनं आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाडीतली पोरंबाळं, बाया अधूनमधून येतात. नाथू नाल्यावरूनच उतरतो, कॅन घेऊन, घसरणीवर आडवी पावलं टाकत. सडकेवर सोनबा भेटला तर चांगलं बोलतो. पिकाचं विचारतो, हर्षदचं विचारतो. धोंडूबाईचं प्लास्टर निघालं तेही त्यानंच सांगितलं. राग असा दिसत नाही. राग असता तर सोनबाला बरं वाटलं असतं.

श्रावणात जळक्या ऐनांना तांबूस पालवी आली. खाली गवत कमरेला लागलं, वाट दोन्ही बाजूंनी आवळत चालली.

बनुबाई दारात भात पाखडत होती. सोनबा कोयता कमरेला अडकवून निघाला.

"रोज रोज कुठं जाताव सकाळचं?"

"राईत."

"काय हाय तिथं?"

"चाललं नाय कोणी तर वाट मोडते गो."

तो चढू लागला. गवत पायानं दाबत, आडवी आलेली फांदी छाटत, काटी होती त्या वरच्या तोंडापर्यंत. तिथून नाथूची पडवी दिसते. तो थांबला, पुढं गेला नाही. नाल्याच्या अंगानं कॅनची कडी वाजत खाली चालली होती. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत सोनबा उभा राहिला. मग वळला आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत उतरू लागला.