बघितलं, की बघत राहिला

चौकशीच्या खोलीत दुभाष्याचं काम करता करता बाईंची तेरा वर्षं गेली होती. समोर बसलेला रंगारी मात्र त्यांना जड गेला. आठ दिवसांपूर्वी उंच इमारत रंगवताना उभं राहायच्या लोंबत्या पाळण्याचा दोर तुटला आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ खाली कोसळला. हा तेव्हा रंगाचा डबा भरायला खाली उतरला होता.

"काय झालं, सांगा," बाई म्हणाल्या.

"पडताना बघितलं त्याला. खालून बघितलं."

चौकशीचे साहेब बाहेरचे, त्यांना सगळं इंग्रजीत लागायचं. दिवसातला सातवा जबाब, घशाला कोरड पडलेली. 'सॉ' म्हणायचं ते बाई 'वॉच्ड' म्हणून गेल्या. रंगकामाचा ठेका घेतलेल्या कंपनीच्या वकिलाने शब्द वरच्यावर झेलला. म्हणजे खाली उभं राहून दोरावर लक्ष ठेवायचं काम याचंच होतं तर! रंगाऱ्याला काय कळणार? त्याने दाखवलं तिथे अंगठा उठवला.

जिना उतरताना बाईंच्या लक्षात आलं. त्या तशाच माघारी फिरल्या.

"साहेब, चूक माझी आहे. 'सॉ' म्हणजे नजरेला पडलं. 'वॉच्ड' म्हणजे टक लावून बघत राहिला, राखण केली. तो तसं म्हणाला नाही."

"त्याच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द ना?"

"हो, पण..."

"मग त्याच्या मनात कुठला होता, हे तुम्ही कसं ठरवता?"

बाईंनी लेखी अर्ज दिला. तो फायलीच्या शेवटी लागला आणि तिथेच राहिला. महिन्याने निकाल आला: देखरेखीत कसूर, दोष रंगाऱ्याचा.

बाई रंगाऱ्याच्या मेलेल्या भावाच्या घरी गेल्या. त्याची बायको नवऱ्याचे शर्ट पिशवीत भरत होती. बाईंनी अडखळत सगळं सांगितलं.

तिने पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "निकाल वाचून दाखवला, तेव्हा मीच भावजींना म्हटलं, परत तोंड दाखवू नका. त्यांनी ऐकलं."

"कुठे गेलेत?"

"ठाऊक असतं तर इथे बसले असते का मी?"

बाईंनी नोकरी सोडली नाही. पण आता त्या साक्षीदाराला एकेक वाक्य दोनदा विचारतात. साहेब घड्याळाकडे बघून चिडतात, बाई तरी विचारतात. रंगाऱ्याचा पत्ता अजून कुणालाच लागलेला नाही.