धुरपताबाईची ढोली आणि तीन म्हातारी मांजरं

मित्रांनो, धान संपलं की ढोली हलकी होते, असं सगळे म्हणतात. मी गेली काही वर्षं रिकामीच उभी आहे, पण हलकी झालेली नाही. का, ते सांगते.

मी दवनीवाड्याची बांबूची ढोली. तुमच्या पुस्तकात मला कणगी म्हणत असतील. १९९९ साली बिसराम बुरडानं सालेकशाकडचा बांबू आणून मला चार दिवसांत विणलं. माझी मालकीण धुरपताबाई. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली, पण माझ्या तळाशी उतरून शेणमातीनं लिंपायची आणि काठाला हात देऊन एका झोक्यात बाहेर यायची.

तिचा नवरा चैतराम काठाशी उभा राहून म्हणाला, "तुले आतच ठेवून देतो. धान वर्षभर खराब नाही होणार."

"काऊन?"

"तुह्या तोंडाले भिऊन किडाच नाही येणार."

शेणाचा गोळा नेमका त्याच्या छातीवर बसला. त्या दिवशी मी पोटभर हसले. बायका मला टिचकी मारून बघायच्या आणि म्हणायच्या, ढोली पायजे तं अशी. तुमच्यासारखीच मलाही शाबासकी आवडते.

दोन वर्षांनी चैतराम तापानं गेला. धुरपताबाई गावाबाहेरच्या राइस मिलमध्ये झाडझूड करायला जाऊ लागली. मिलमध्ये उंदरांसाठी मांजरं पाळलेली असत. २००३ साली मिल बंद पडली. दाराला कुलूप लागलं. माणसं घरी गेली आणि मांजरं आतच राहिली. चार दिवस रस्त्यानं जाणाऱ्यांना त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. पाचव्या दिवशी धुरपताबाईनं मागच्या खिडकीची जाळी उपटली आणि पोत्यात घालून तीन मांजरं घरी आणली. त्यांची नावं तिनं मिलमधल्या मालावरूनच ठेवली. तुकडा तांदळासारखी पांढरी ती कनकी, राखेच्या रंगाची ती राखड, आणि भुरा बोका तो कोंडा.

तेव्हापासून माझ्या अंगाला उंदराचा दात लागला नाही. तिघं माझ्या झाकणावर झोपत. नखं माझ्यावरच घासत. मी कधी कुरकुर केली नाही.

वर्षं गेली आणि घरात सगळ्यांना एकदमच म्हातारपण आलं. धुरपताबाईच्या तोंडात चार दात उरले आणि कनकीच्या तोंडात दोन. दोघींसाठी एकच मऊ भात शिजे. आधी कनकीला कालवायचा, मग उरलेला स्वतः खायचा. राखडच्या डोळ्यावर सारा, म्हणजे पांढरट पडदा, आला, तसाच बाईच्याही. कोंडा तर ठार बहिरा झाला. झाकणावर उडी मारणं कोणालाच जमेना. मग थंडीत कोंडा माझ्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत, माझ्या तळाला पाठ टेकून झोपायचा. नव्या धानाची थोडी ऊब तिथं लागते. बाईला वाकता येईनासं झालं, म्हणून २०१४ साली तिनं माझं खालचं लिंपण केलंच नाही. वरून मी छान दिसत होते. तळाशी मात्र पोपडे उडून बांबू उघडा पडला होता.

शेजारची रुख्मा यायची आणि दारातूनच विचारायची, "काऊन वो धुरपता, मांजरायचा दवाखाना उघडली का?"

"हव. तू बी ये भरती व्हायले. तुही बी कंबर गेली."

पण रुख्मा गेली की धुरपताबाई मांजरांकडे बघत बसायची आणि हळूच म्हणायची, "तुम्ही माह्या आधी जा रे बापा. मी आधी गेली तं तुमाले कोण पाहीन?"

दिसणं कमी झाल्यावर तिनं एक रीत धरली होती. दिवस मावळायच्या आत ती उंबऱ्यावर बसे आणि हातानं चाचपून मोजे. एक डोकं, दोन डोकी, तीन. तीन भरले की मगच चूल पेटे.

त्याच वर्षी डिसेंबरात माझ्यातल्या धानात किडे दिसले. तिची लेक दामिनी गोंदियाला राहते. रविवारी ती येऊन बघून गेली. जाताना म्हणाली, "माय, गोळ्या तू मत ठेवजो. मैं आती हूँ ना अगले इतवार को. तुले आता दिसत नाही."

धानात ठेवायच्या त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. त्या ठेवल्या की ढोलीचं तोंड लिंपायचं, खोलीचं दार चार दिवस बंद ठेवायचं आणि आत श्वास घेणारं काही राहू द्यायचं नाही. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि धुरपताबाईला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक. पण "तुले दिसत नाही" हे शब्द तिला लागले.

"मले नाही दिसत म्हणते!" ती मला म्हणाली. घरात दुसरं होतंच कोण? "हिच्या जन्माच्या आधीपासून मी धान सांभाळून राहिली."

इतवारची वाट तिनं पाहिली नाही. गुरुवारी दुपारी उंबऱ्यालगत अंगणात ताटलीत सुके झिंगे ठेवले आणि ताटली खणखण वाजवली. कनकी आली. राखड चाचपडत आली. कोंड्याला ताटली ऐकू आली नाही. तो माझ्यामागं गाढ झोपला होता.

उंबऱ्यावर चैतरामचा जुना लोकरी स्वेटर गोळा होऊन पडला होता. सकाळी कोंडा त्याच्यावरच बसायचा, त्यामुळं त्याचे केस लागून स्वेटर मांजरासारखाच मऊ झाला होता. उन्हानं तापलाही होता. धुरपताबाईचा हात कनकीवरून राखडवर गेला आणि तिथून त्या स्वेटरवर.

"तीन," ती म्हणाली.

मित्रांनो, मला माहीत होतं. मी ढोली. मी काय करणार होते?

ती आत आली. फडक्यात बांधलेल्या गोळ्या धानात खुपसल्या, माझं तोंड लिंपलं आणि बाहेर जाऊन माझ्या खोलीचं दार लावून खालच्या फटीत चिंध्या ठासून भरल्या. मग हातापायाला लागलेला वास घालवायला तळ्यावर अंघोळीला गेली.

विष माझ्याच पोटातून आलं. जिथं लिंपण उडालं होतं तिथूनच ते बाहेर आलं, जिथं कोंडा पाठ लावून झोपला होता. तो जागा झाला. दारापाशी गेला. दोनदा नखं मारली, एकदा ओरडला. ती परत आली तेव्हा आत काहीच आवाज नव्हता.

संध्याकाळी मोजताना दोनच भरले. तिला वाटलं, पोट भरलं तसा गेला असेल फिरायला. ती हाका मारत गल्लीभर हिंडली. रुख्मा पण सोबत गेली. बंद मिलपर्यंत जाऊन दोघी परत आल्या.

"बुढा बोका आहे वो," रुख्मा म्हणाली. "मरायच्या टायमाले घरून निघून जातेत ते."

"माहा कोंडा नाही जाणार. दुपारीच तं मोजला मी त्याले."

त्या दिवशी चूल पेटली नाही. सकाळी उन्हं आली तशी ती उंबऱ्यावर येऊन बसली. हात सहज बाजूला गेला. मऊ लागलं, ऊन लागलं. तिचा चेहरा उजळला.

"आला का रे बापा? कोठी होता?"

तिनं त्याला मांडीवर घ्यायला उचललं. हातात स्वेटर आला.

तिनं तो दोन्ही हातांनी चाचपला. मग उठून दाराखालच्या चिंध्या ओढू लागली. रुख्मा धावत आली आणि तिचा पदर ओढत ओरडली, "दार उघडून दूर हो आधी! तू बी मरशील!"

कोंडा दाराला लागूनच पडला होता. त्याचं नाक फटीकडे होतं, चिंध्यांकडे.

"आधी जाय म्हणत होती मी तुले," धुरपताबाई त्याला म्हणाली. "पण माह्या हातानं नाही म्हटलं रे."

रुख्मानं परसात खड्डा खणला. धुरपताबाईनं बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. त्यानंतर दोन दिवस तिनं कनकीला आणि राखडला हात लावला नाही. भात लांबून सरकवायची आणि पाठ फिरवायची. कनकी ताटलीपाशी बसून राहायची, कारण तिला कालवून दिल्याशिवाय खाता येत नव्हतं.

रविवारी दामिनी आली. धुरपताबाई तिला म्हणाली, "या दोघीयले घेऊन जाय. माह्या हाताचा भरोसा नाही."

दामिनीला रडू आलं. "किराये का मकान है माय. मालक ठेवू नाही देत."

तेव्हा रुख्मानं ताटली उचलली आणि धुरपताबाईच्या मांडीवर ठेवली. "कालव. मले नाही जमत तुह्यासारखा. मोजाले मी येत जाईन रोज. तुह्या डोळ्यासाठी नाही हं. चहासाठी. आमच्या घरी साखर लपवून ठेवते सून."

बराच वेळ धुरपताबाईची बोटं भातावर नुसतीच होती. मग बोटं भात कालवू लागली.

त्यानंतर रुख्मा रोज आली. कनकी पुढच्या उन्हाळ्यात गेली, धुरपताबाईच्या मांडीवर, पोटभर जेवून. राखड अजून एक पावसाळा राहिली. मला मात्र कोंडा गेला त्याच आठवड्यात रिकामी करून गोठ्यात ठेवलं. त्या दोघी मांजरी तिकडे यायच्या, पण माझ्यापाशी कधी बसल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीदारी एखादं म्हातारं माणूस म्हातारी जनावरं सांभाळत असेल. त्याला "तुला दिसत नाही, तू करू नको" असं म्हणून निघून जाऊ नका. ते ऐकणार नाही, आणि एकट्यानंच करायला जाईल. त्याच्याशेजारी बसा. त्यानं मोजलं की मागून तुम्हीही मोजा. आणि दार लावायच्या आधी एकदा वाकून ढोलीमागं बघा. वाकायला तुमच्या कमरा अजून चांगल्या आहेत.