आडव्या दोन दांड्या

जावयांनी जुन्या गाडीत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलं, त्यामुळे तिला बाजारातला कुठलाच सायलेन्सरचा पाइप लागेना. पाइप वाकवून, जोडून द्यायचं काम मी चाळीस वर्षं केलेलं. म्हटलं, घरचीच गाडी आहे, असा पाइप करतो की गाडी मोडेल पण पाइप मोडणार नाही.

महिन्याभरात तो तडकला. इंजिनाजवळ, पहिल्याच जोडावर. मी वेल्डिंग आणखी जाड केलं. तीन आठवड्यांत पुन्हा तडकला, आणि या वेळी धूर आत शिरला. लेक गाडीतच होती, तिला आठवा महिना. घरी पोचेपर्यंत तिचं डोकं भणभणायला लागलं.

"मंगळवारी तपासणी आहे, दवाखाना दोन तासांवर," ती म्हणाली. "वास आला तर मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही, बाबा. सांगून ठेवते."

तिचं बरोबर होतं. तो धूर पोटातल्या बाळालाही बाधतो.

शनिवारी जावई एक तुकडा घेऊन आले. वीतभर लांब, वरून बारीक तारांची विणलेली जाळी, हातात धरला की मासोळीसारखा वळायचा.

"मामा, हा मध्ये बसवू. इंजिन हलतं, पाइप हलत नाही, म्हणून तुटतो."

"जावईबापू, हा पाइप आहे की पायमोजा?"

"पायमोजाच समजा. पण बसवा."

"आजवर गाड्यांना हाडं बसवली, आता मोजे घालू?"

लेक स्टुलावर बसून ऐकत होती. "घाला की. हाडं दोनदा मोडलीच ना?"

पाइप कापून तुकडा मध्ये धरला. तो लोंबायचा, सरळ राहीना, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना सळईच्या आडव्या दांड्या, अलीकडच्या पाइपापासून पलीकडच्या पाइपापर्यंत, वेल्डिंगचे टाके मारून लावल्या. ही आमची रीतच. जोड पक्का झाला की दांड्या कापून टाकायच्या. जोड पक्का झाला. मी कापायचा ग्राइंडर उचलला आणि परत ठेवला. ढिलं काम माझ्या हातून कधी बाहेर गेलं नव्हतं. दांड्या होत्या तोवर पाइप गदागदा हलवला तरी जागचा हलत नव्हता. म्हटलं, राहू देत, तेवढाच आधार. कुणाला सांगितलं नाही.

रविवारी जावई एकटेच फेरी मारून आले. चारही काचा उघड्या, तोंड उतरलेलं.

"मामा, पुन्हा."

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली आणि मी खाली उतरलो. दांडीच्या टाक्यालगत केसाएवढी चीर. जावई वाकून बघत होते. दांड्या त्यांनाही दिसल्या.

"चालू करा," मी म्हणालो. "आणि जरा रेस द्या."

इंजिन बंद, पाइप गार, मगच हात घालायचा, हा माझा नियम. त्यामुळे चालतं इंजिन मी खालून कधी पाहिलंच नव्हतं. रेस दिल्याबरोबर ते अख्खं धूड आपल्या बुडाखालच्या रबरांवर एका अंगाला कललं, सोडल्यावर परत आलं. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. आणि माझा पाइप त्याला जखडून बसलेला.

"बंद करा."

"काय झालं, बाबा?" लेकीने दारातून विचारलं.

"माझं चुकलं. दांड्या कापल्याच नाहीत."

"विसरलात?"

विसरलो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. "नाही गं. मुद्दाम ठेवल्या."

जावयांनी ग्राइंडर माझ्या हातात दिला. "घ्या मामा. तुमच्याच हाताने."

पाइप गार होऊ दिला. दांड्या कापल्या, चीर भरली, पुन्हा रेस द्यायला लावली. इंजिन कललं, जाळी त्याच्याबरोबर वाकली, आणि तिच्या मागचा पाइप शांत पडून राहिला. मी उगीचच आणखी चार वेळा रेस द्यायला लावली.

सोमवारी मी आणि जावई काचा बंद करून तासभर फिरलो. वास नाही. मग लेक येऊन पुढच्या सीटवर बसली, मी मागे. गाडी चौकापर्यंत गेली आणि तिने नाक वर केलं.

"येतोय वास."

जावयांनी ब्रेक मारला. मी मागून दोन सीटांच्या मधे वाकलो.

"तुमच्या शर्टाचा, बाबा," ती म्हणाली. "उद्या अंघोळ करून या."